गतिमान निरीक्षक आणि मापनांची तुलना : डोंगरकडा येथे उतरणाऱ्या म्यूऑनचा दृष्टांत

१. प्रश्नाचे स्वरूप

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा ह्या गावी एखाद्याने मोकळ्या शेतात उभे राहून तळहात आकाशाकडे धरला, तर त्यातून दर सेकंदास एखादा म्यूऑन आरपार निघून जातो. विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांतील अणुकेंद्रांवर आदळतात, त्या आघातांतून पायॉन निर्माण होतात आणि पायॉनांच्या क्षयातून म्यूऑन जन्मास येतात. भूपृष्ठावरील आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दर मिनिटास सुमारे एक म्यूऑन येऊन पडतो. हा वर्षाव डोंगरकडा येथे होतो तसाच मुंबईत व पुण्यातही होतो, रात्रंदिवस होतो, आणि कोणासही त्याची जाणीव होत नाही.

ह्या नित्याच्या घटनेत एक कोडे दडलेले आहे. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य केवळ २.१९७ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दोन दशलक्षांशांहून किंचित अधिक असते. तेवढ्या वेळात प्रकाशदेखील सुमारे ६६० मीटरच जातो. मग पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेला म्यूऑन जमिनीपर्यंत पोचतो कसा? विशिष्ट सापेक्षता सिद्धांताचे उत्तर सर्वश्रुत आहे : वेगाने जाणाऱ्या म्यूऑनचे 'घड्याळ' मंद चालते, म्हणून तो अधिक काळ टिकतो. परंतु त्याच सिद्धांतानुसार म्यूऑनबरोबर प्रवास करणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने म्यूऑन स्थिर असून डोंगरकडाच वर धावत येत असते, आणि म्हणून डोंगरकडा येथील घड्याळ मंद चालते. दोन घड्याळांपैकी प्रत्येक दुसऱ्याहून मंद आहे, असे हे विधान दिसते.

पदव्युत्तर वर्गातील चिकित्सक विद्यार्थी येथे अडतो, आणि त्याने अडावे हेच योग्य. हा विरोध खरा असेल तर सिद्धांत कोसळतो. कारण परस्परविरोधी विधाने करणाऱ्या सिद्धांताला प्रयोगाचा कितीही आधार मिळाला तरी तो उपयोगी पडत नाही. 'सर्व काही सापेक्ष आहे' अशा मोघम वाक्याने ह्या आक्षेपाचे निरसन होत नाही. त्यासाठी कोणी, कोणत्या घड्याळाने, कोठे आणि केव्हा मोजले, ह्याचा आकडेवार हिशेब मांडावा लागतो. तोच हिशेब प्रस्तुत लेखात एका म्यूऑनच्या संदर्भात मांडला आहे.

२. निरीक्षक कोणास म्हणावे?

सापेक्षतेच्या विवेचनात 'निरीक्षक' हा शब्द बराच घोटाळा करतो. त्यामुळे एका ठिकाणी उभा राहून डोळ्यांनी पाहणारा मनुष्य असे चित्र मनात येते. येथे अभिप्रेत असलेला निरीक्षक म्हणजे एक संपूर्ण संदर्भचौकट होय. परस्परांच्या सापेक्ष स्थिर असलेल्या मोजपट्ट्या, आणि जागोजागी ठेवलेली व एकमेकांशी जुळवून घेतलेली घड्याळे मिळून ही चौकट बनते. एखादी घटना जेथे घडते तेथल्याच घड्याळाने तिची वेळ नोंदवावयाची, असा नियम असतो. नोंदी नंतर सावकाश गोळा केल्या तरी चालतात.

ह्या व्याख्येतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, एकाच स्थळी व एकाच क्षणी जुळून आलेल्या गोष्टींविषयी निरीक्षकांत मतभेद संभवत नाही. म्यूऑन एखाद्या घड्याळाजवळून गेला तेव्हा त्या घड्याळाचा काटा कोठे होता, ह्याचे उत्तर सर्वांच्या दृष्टीने एकच असते. दुसरी अशी की, दूरच्या दोन घड्याळांची जुळणी ही आपोआप मिळणारी वस्तू नव्हे. ती एखाद्या रीतीने करावी लागते. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी ही रीत स्पष्ट शब्दांत सांगितली. एका घड्याळापासून दुसऱ्याकडे प्रकाशाचा संकेत पाठवावा, तो परावर्तित होऊन परत यावा, आणि जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असे धरून दुसरे घड्याळ लावावे. प्रत्येक जडत्वीय चौकटीत प्रकाशाचा वेग सर्व दिशांना सारखाच असल्यामुळे प्रत्येक निरीक्षकास आपल्या घड्याळांपुरती ही रीत निर्दोष वाटते. दुसऱ्या निरीक्षकाच्या घड्याळांविषयी त्याचे मत काय होते, ह्यातच पुढील सर्व उकल आहे.

३. जमिनीवरील निरीक्षकाचा हिशेब

समजा, डोंगरकडा येथे जमिनीवर एक घड्याळ आहे आणि बरोबर त्याच्यावर पंधरा किलोमीटर उंचीवर एका फुग्याला टांगलेले दुसरे घड्याळ आहे. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून शास्त्रीय उपकरणे ह्याहून पुष्कळ अधिक उंचीवर फुग्यांनी पाठविली गेली आहेत. पंधरा किलोमीटर अंतर कापण्यास प्रकाशास ५०.०३५ मायक्रोसेकंद लागतात. जमिनीवरील घड्याळात 'उणे ५०.०३५' वाजता प्रकाशसंकेत वर सोडला, फुग्यावरील आरशाने तो परतविला आणि 'अधिक ५०.०३५' वाजता तो जमिनीवर आला. जाण्यायेण्याचा वेळ समसमान धरून, संकेत आरशावर पोचला त्या क्षणी फुग्यावरील घड्याळ शून्यावर लावले. अशा रीतीने दोन्ही घड्याळे जुळली.

फुग्यावरील घड्याळ शून्य दाखवीत असताना नेमका त्याच्याजवळ एक म्यूऑन जन्मला आणि सरळ खाली निघाला असे मानू. त्याचा वेग प्रकाशवेगाच्या ०.९९९२ पट आहे. वेग 'व' हा प्रकाशवेगाच्या पटीत मांडल्यास विस्तारगुणक 'ग' असा मिळतो :

ग = १ ÷ √(१ − व × व)

व = ०.९९९२ घातल्यास ग = २५.०० येतो. जमिनीवरील निरीक्षकाच्या मते म्यूऑनला खाली येण्यास ५०.०७५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून म्यूऑन डोंगरकडा येथील घड्याळाशी येतो तेव्हा ते घड्याळ ५०.०७५ दाखविते. म्यूऑनचे आयुष्य वेगावर अवलंबून नसते, तर इतक्या काळात टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७९० कोटींत एक इतके अल्प झाले असते. परंतु म्यूऑनबरोबरचे घड्याळ पंचवीस पटींनी मंद चालत असल्यामुळे त्यावर केवळ २.००३ मायक्रोसेकंद लोटलेले असतात. आणि इतक्या काळानंतर शंभरांपैकी सुमारे चाळीस म्यूऑन शिल्लक राहतात.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. म्यूऑनचा वेग वाटेत कायम राहतो असे वर धरले आहे. वस्तुतः हवेतून येताना त्याची बरीच ऊर्जा खर्च होते आणि विस्तारगुणक घटत जातो. म्हणून प्रत्यक्ष हिशेबात चाळीस टक्के हा आकडा काहीसा कमी भरतो. येथील प्रश्न घड्याळांच्या तुलनेचा असल्याने त्या तपशिलाने निष्कर्षास बाध येत नाही.

४. म्यूऑनबरोबरच्या निरीक्षकाचा हिशेब

आता म्यूऑनबरोबर जाणाऱ्या चौकटीतून तीच हकीगत पाहू. ह्या चौकटीत म्यूऑन स्थिर आहे. त्याचे आयुष्य सामान्यच आहे. त्यात कसलाही विस्तार नाही. फुगा, हवा आणि डोंगरकडा ही सर्व ०.९९९२ ह्या वेगाने वर सरकत आहेत. गतिमान वस्तूची गतीच्या दिशेतील लांबी आकुंचन पावते. म्हणून फुगा व जमीन ह्यांतील पंधरा किलोमीटर अंतर येथे पंचविसाव्या हिश्शाइतके, म्हणजे ६०० मीटर भरते. ६०० मीटर अंतर म्यूऑनजवळून सरकून जाण्यास २.००३ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात जमीन म्यूऑनपाशी येऊन ठेपते. शंभरांत चाळीस शिल्लक राहतात, हा निष्कर्ष येथेही तोच निघतो.

म्हणजे एकाने जो परिणाम कालविस्ताराने स्पष्ट केला तोच दुसऱ्याने लांबीच्या आकुंचनाने स्पष्ट केला. पाठ्यपुस्तके पुष्कळदा येथेच थांबतात. परंतु मूळ आक्षेप अजून शिल्लक आहे. म्यूऑनबरोबरच्या निरीक्षकाच्या मते जमिनीवरील घड्याळ गतिमान आहे, म्हणून तेच पंचवीस पटींनी मंद चालले पाहिजे. म्यूऑनच्या प्रवासाचे २.००३ मायक्रोसेकंद त्याच्या चौकटीत लोटले, त्या अवधीत जमिनीवरील घड्याळ फक्त ०.०८० मायक्रोसेकंद पुढे सरकले असले पाहिजे. मग भेटीच्या क्षणी ते घड्याळ ५०.०७५ कसे दाखविते? आणि ते तसे दाखविते हे तर दोन्ही निरीक्षकांस मान्य करावेच लागते, कारण ती एकाच स्थळी घडलेली गोष्ट आहे.

५. दोन्ही घड्याळे मंद कशी?

उत्तर घड्याळांच्या जुळणीत आहे. फुग्यावरील घड्याळ लावण्यासाठी जमिनीवरून जो प्रकाशसंकेत पाठविला होता, त्याचा प्रवास म्यूऑनच्या चौकटीतून पाहावा. ह्या चौकटीत फुगा जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने वर पळत आहे. खालून निघालेल्या प्रकाशास त्याचा पाठलाग करावा लागतो, आणि ६०० मीटरांचे अंतर भरून काढण्यास सुमारे २५०१ मायक्रोसेकंद लागतात. परतताना मात्र जमीन प्रकाशाच्या सामोरी धावत येते, म्हणून तेच अंतर केवळ एका मायक्रोसेकंदात संपते. जमिनीवरील निरीक्षकाने हे दोन्ही कालखंड समसमान धरले होते. म्यूऑनबरोबरच्या निरीक्षकास ही वाटणी सर्वस्वी चुकीची दिसते.

ह्या चुकीचे परिमाण काढणे कठीण नाही. जमिनीवरील घड्याळ 'उणे ५०.०३५' दाखवीत असताना संकेत निघाला. तो फुग्यावर पोचेपर्यंत म्यूऑनच्या चौकटीत २५०१ मायक्रोसेकंद झाले. जमिनीवरील घड्याळ पंचवीस पटींनी मंद असल्यामुळे ते तेवढ्यात १००.०३ मायक्रोसेकंदच पुढे गेले. म्हणून संकेत फुग्यावर पोचला, फुग्यावरील घड्याळ शून्यावर लावले गेले आणि म्यूऑन जन्मला, त्या क्षणी म्यूऑनच्या चौकटीप्रमाणे जमिनीवरील घड्याळ शून्य दाखवीत नव्हते, ते ४९.९९५ दाखवीत होते. पुढे म्यूऑनच्या प्रवासकाळात ते ०.०८० मायक्रोसेकंद सरकले आणि बेरीज ५०.०७५ झाली. भेटीच्या क्षणी घड्याळात दिसलेला आकडा तोच आहे. विरोध उरला नाही.

लोरेन्ट्स रूपांतरणातून हेच फल एका ओळीत मिळते. अंतर प्रकाश-मायक्रोसेकंदांत मोजून, खालची दिशा धन धरून आणि म्यूऑनचा जन्म हा आरंभबिंदू मानून लिहिल्यास,

क′ = ग × (क − व × क्ष)

येथे क व क्ष हे जमिनीच्या चौकटीतील काळ व स्थान आणि क′ हा म्यूऑनच्या चौकटीतील काळ होय. म्यूऑनच्या जन्माशी समकालिक असलेल्या सर्व घटनांसाठी क′ = ०, म्हणून क = व × क्ष. जमिनीसाठी क्ष = ५०.०३५, त्यास ०.९९९२ ने गुणल्यास ४९.९९५ मिळतात. समीकरणातील 'व × क्ष' हे पद समकालिकतेच्या सापेक्षतेचे पद आहे. विद्यार्थी कालविस्तार व आकुंचन लक्षात ठेवतात आणि हे पद विसरतात. सापेक्षतेतील बहुतेक 'विरोधाभास' ह्या एका विस्मरणातून उद्भवतात.

तुलनेचे स्वरूपही आता स्पष्ट होते. म्यूऑनचे घड्याळ मंद चालते असे म्हणताना जमिनीवरील निरीक्षक एका घड्याळाची दोन घड्याळांशी तुलना करीत असतो : आरंभी म्यूऑनचे घड्याळ फुग्यावरील घड्याळाशी ताडले, शेवटी जमिनीवरील घड्याळाशी. जमिनीवरील घड्याळ मंद चालते असे म्हणताना म्यूऑनच्या बाजूचा निरीक्षकही एकाच घड्याळाची आपल्या दोन घड्याळांशी तुलना करीत असतो : त्यांपैकी एक म्यूऑनजवळ आहे, आणि दुसरे म्यूऑनच्या जन्मक्षणी ६०० मीटर खाली, जमिनीवरील घड्याळाशेजारी आहे. ही दोन विधाने एकाच मापनाविषयीची नाहीत. दोन निराळ्या मापनांविषयीची आहेत. म्हणून दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. दोन मनुष्ये एकमेकांपासून दूर जात असता प्रत्येकास दुसरा लहान दिसतो आणि त्यात कोणी विरोध पाहत नाही; परंतु हा दृष्टांत मर्यादेतच घ्यावयाचा, कारण येथे प्रश्न दिसण्याचा नसून मोजण्याचा आहे.

६. दिसणे आणि मोजणे

ह्या भेदाची चर्चा स्वतंत्रपणे करणे इष्ट आहे. म्यूऑनपाशी खरोखर डोळा असता आणि त्याने जमिनीवरील घड्याळाकडे पाहिले असते, तर त्यास काय दिसले असते? जन्मक्षणी त्याच्यापाशी पोचलेला प्रकाश जमिनीवरून 'उणे ५०.०३५' वाजता निघालेला आहे. तेव्हा त्यास तोच आकडा दिसेल. भेटीच्या क्षणी त्यास ५०.०७५ दिसेल. म्हणजे स्वतःच्या २.००३ मायक्रोसेकंदांत त्यास ते घड्याळ १००.११ मायक्रोसेकंद पुढे धावलेले दिसेल. ज्या घड्याळाची गती मोजली असता पंचवीस पटींनी मंद ठरते, तेच घड्याळ डोळ्यास सुमारे पन्नास पटींनी जलद दिसते.

ह्यात गूढ काही नाही. जवळ येणाऱ्या उगमापासून निघालेल्या प्रत्येक पुढील संकेतास कमी अंतर कापावे लागते, म्हणून संकेत दाटीने येतात. हा डॉप्लर परिणाम होय. त्याचा गुणक ग × (१ + व), म्हणजे २५ × १.९९९२, सुमारे पन्नास येतो. त्यात कालविस्ताराचा भाग धरलेलाच आहे; तो नसता तर घड्याळ ह्याहून पुष्कळच अधिक जलद दिसले असते. कालविस्तार हा प्रकाशास उशीर लागल्यामुळे होणारा दृष्टिभ्रम आहे, अशी समजूत अनेकदा आढळते. वरील आकडे ती समजूत खोडून काढतात. प्रकाशाचा प्रवासकाळ हिशेबातून वजा केल्यानंतर जे उरते ते कालविस्तार होय. आणि येथे तर दृष्टी व मापन ह्यांचे निर्णय परस्परांच्या उलट आहेत.

७. सर्वांस मान्य असणारी राशी

निरीक्षकांच्या नोंदी भिन्न असल्या तरी त्यांच्यामागे समान असे काही असले पाहिजे. नाहीतर दोघे एकाच म्यूऑनविषयी बोलत आहेत असे म्हणण्यास आधार राहणार नाही. १९०८ साली कोलोन येथील व्याख्यानात मिन्कोव्स्की यांनी ही समान राशी पुढे मांडली. दोन घटनांतील कालांतराच्या वर्गातून स्थलांतराचा वर्ग वजा केला असता येणारी संख्या प्रत्येक जडत्वीय निरीक्षकास सारखीच मिळते.

जमिनीवरील निरीक्षकाचे आकडे घेऊ. जन्म आणि भेट ह्या दोन घटनांत कालांतर ५०.०७५ आणि स्थलांतर ५०.०३५ आहे. ह्या जवळजवळ समान संख्यांच्या वर्गांतील फरक काढताना अधिक दशांश स्थळे घ्यावी लागतात. तशी घेतल्यास फरक ४.०१ येतो. त्याचे वर्गमूळ २.००३ होय. म्यूऑनबरोबरच्या निरीक्षकाच्या मते दोन्ही घटना एकाच स्थळी घडल्या, म्हणून स्थलांतर शून्य आणि कालांतर २.००३. उत्तर एकच आहे. दोन्ही घटनांस स्वतः उपस्थित असलेल्या घड्याळाने मोजलेला हा काळ म्हणजे म्यूऑनचा 'स्वकाल'. म्यूऑनचा क्षय ह्या काळानुसार होतो, आणि शंभरांपैकी चाळीस शिल्लक राहणे ही त्याचीच साक्ष आहे. मोजणी-यंत्रात पडलेल्या म्यूऑनांची संख्या कोणत्याही निरीक्षकाच्या मतावर अवलंबून नसते. ती संख्या अविवाद्य असते, म्हणूनच तिच्या आधारे सिद्धांताची परीक्षा घेता येते.

८. भाभांचे सूचन आणि प्रायोगिक पडताळा

ही परीक्षा शक्य आहे हे प्रथम ओळखणाऱ्यांत मुंबईत १९०९ साली जन्मलेल्या होमी भाभा यांचे नाव ठळकपणे येते. केंब्रिज येथे काम करीत असताना १९३८ च्या जानेवारीत 'नेचर' ह्या नियतकालिकात त्यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. युकावा यांच्या सिद्धांतातील जड कण आपोआप क्षय पावत असेल, तर अशा कणाकडे घड्याळ म्हणून पाहता येईल, आणि केवळ सापेक्षतेच्या विचारानेच असे ठरते की गतिमान असताना त्याचा क्षयकाल अधिक असला पाहिजे, असा त्या टिपणातील एका मुद्द्याचा आशय आहे. भाभांच्या मनात असलेला युकावाचा कण आणि भूपृष्ठावर पोचणारा म्यूऑन हे एक नव्हेत, हे १९४७ मध्ये पायॉनचा शोध लागल्यावर स्पष्ट झाले. तथापि युक्तिवाद कणाच्या जातीवर अवलंबून नसल्याने त्याचे महत्त्व कमी होत नाही. अस्थिर कण हे निसर्गाने स्वतः घडविलेले घड्याळ आहे. त्याला किल्ली द्यावी लागत नाही आणि जवळजवळ प्रकाशवेगाने पाठविले तरी ते मोडत नाही.

१९४१ मध्ये ब्रूनो रॉसी व डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेतील कोलोरॅडोच्या पर्वतप्रदेशात निरनिराळ्या उंचींवर मोजणी करून दाखविले की जलद कणांचा क्षय मंद कणांपेक्षा सावकाश होतो, आणि हे प्रमाण सापेक्षतेस धरून आहे. १९६३ मध्ये डेव्हिड फ्रिश व जेम्स स्मिथ यांनी हाच प्रयोग अध्यापनास सोयीच्या रूपात पुन्हा केला. सुमारे १९०० मीटर उंचीच्या माउंट वॉशिंग्टनवर प्रकाशवेगाच्या सुमारे ०.९९५ पट वेगाचे म्यूऑन निवडले असता ताशी सुमारे ५६० मिळाले. समुद्रसपाटीस त्याच गटाचे सुमारे ४१० मिळाले. काळ मंदावत नसता तर हा दुसरा आकडा तीसच्या आसपास असावयास हवा होता. कालविस्ताराचा गुणक सुमारे नऊ असल्याचे ह्या मोजणीवरून दिसून आले.

ह्या दोन्ही प्रयोगांत एक घड्याळ जाते व परत येत नाही. म्हणून तुलनेस दूरच्या घड्याळांची जुळणी लागतेच. जिनीव्हाजवळील सर्न येथील साठवण-वलयात ही अडचणही दूर झाली. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात म्यूऑन चुंबकीय क्षेत्रात वर्तुळाकार फिरत पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होते. विस्तारगुणक २९.३३ असता त्यांचे सरासरी आयुष्य ६४.४ मायक्रोसेकंद आढळले आणि सिद्धांताशी ते हजारात एक भाग इतक्या अचूकतेने जुळले. येथे घड्याळ परत येते, म्हणून कोणाचे घड्याळ मागे पडले हा प्रश्न एकाच स्थळी निकालात निघतो : म्यूऑनचेच. ही विषमता पूर्वीच्या समतेशी विसंगत नाही. वर्तुळात फिरणारा म्यूऑन एकाच जडत्वीय चौकटीत राहत नाही, प्रयोगशाळा मात्र (ह्या मापनापुरती) राहते. पाचव्या विभागातील समता केवळ परस्परांस सरळ रेषेत, एकसमान वेगाने ओलांडणाऱ्या निरीक्षकांपुरती होती.

९. दुधाळा : घटनांच्या क्रमाचा प्रश्न

डोंगरकडा ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्यात यावयाची आहे. भारत सरकारने ह्या योजनेस फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. पुण्याची आयुका ही योजनेतील प्रमुख संस्थांपैकी एक आहे. येथील उपकरण म्हणजे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांचा व्यतिकरणमापक. मायकेलसन व मोर्ले यांनी १८८७ मध्ये ज्या प्रकारच्या उपकरणाने ईथरमधील पृथ्वीच्या गतीचा शोध घेतला आणि ज्याने नकारात्मक उत्तर दिले, त्याच कुळातील हे उपकरण आहे.

अशा वेधशाळांच्या कार्यात समकालिकतेची सापेक्षता प्रत्यक्षपणे समोर येते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी आढळलेला पहिला गुरुत्वीय तरंग अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथे आधी आणि हॅन्फर्ड येथे सुमारे ६.९ सहस्रांश सेकंदांनी नंतर पोचला. दोन्ही स्थळांतील अंतर प्रकाशास सुमारे १० सहस्रांश सेकंदांचे आहे. कालांतर स्थलांतराहून कमी असल्यामुळे, येथे मिन्कोव्स्कीची राशी ऋण येते. ह्याचा अर्थ असा की कोणतेही घड्याळ ह्या दोन्ही घटनांस उपस्थित राहू शकत नाही, आणि त्यांचा क्रमही सर्वांस सारखा नसतो. लिव्हिंग्स्टनकडून हॅन्फर्डच्या दिशेने प्रकाशवेगाच्या ०.६९ पट वेगाने जाणाऱ्या निरीक्षकास दोन्ही आगमने समकालिक वाटतील. ०.९ पट वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाचा गुणक २.२९ असल्याने त्याचे कालांतर २.२९ × (६.९ − ९.०), म्हणजे उणे ४.८ सहस्रांश सेकंद येईल. त्याच्या मते तरंग हॅन्फर्ड येथे आधी पोचला.

तरंगाच्या उगमाची दिशा ह्याच कालांतरांवरून ठरवितात. मग घटनांचा क्रमच बदलत असेल तर दिशेचे काय? तीही बदलते. पृथ्वीवरील निरीक्षकाच्या हिशेबात तरंगाची दिशा दोन स्थळांना जोडणाऱ्या रेषेशी सुमारे ४६ अंशांचा कोन करते. त्या गतिमान निरीक्षकाच्या हिशेबात सुमारे १२४ अंशांचा. ताऱ्यांच्या प्रकाशाचे अपेरण ज्यास म्हणतात ती हीच गोष्ट होय. प्रत्येकाने आपल्या चौकटीतील काळ, अंतर व दिशा सुसंगतपणे वापरल्यास दोघेही त्याच उगमाकडे बोट दाखवितात. एकाचा काळ व दुसऱ्याचे अंतर अशी सरमिसळ केल्यास मात्र दोघांपैकी कोणाचेच उत्तर खरे येत नाही. कार्यकारणभावासही येथे धक्का लागत नाही. लिव्हिंग्स्टन येथील आगमन हे हॅन्फर्ड येथील आगमनाचे कारण नव्हे. दोन्ही एकाच दूरस्थ घटनेची फले आहेत. ज्या दोन घटनांपैकी एक दुसरीचे कारण असू शकते, त्यांचा क्रम कोणताही निरीक्षक उलटवू शकत नाही.

दुधाळा आणि हॅन्फर्ड ह्यांतील सरळ अंतर प्रकाशास सुमारे ३५ सहस्रांश सेकंदांचे आहे. स्थळे जितकी दूर तितके कालांतर मोठे आणि दिशानिश्चिती तितकी सूक्ष्म. हिंगोली जिल्ह्यातील जागेचे महत्त्व ह्या साध्या भूमितीत आहे. आणि त्या भूमितीचा उपयोग होण्यासाठी पृथ्वीवरील दूरदूरच्या घड्याळांनी एकच जुळणी मान्य करणे अवश्य आहे.

१०. उपसंहार

प्रारंभीच्या आक्षेपाचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. म्यूऑन आणि डोंगरकडा ह्यांच्यात खरे मंद घड्याळ कोणाचे, हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या दोन घटनांमधील काळ, आणि त्या घटनांपाशी कोणती घड्याळे होती, हे सांगितल्यावाचून त्यास अर्थ प्राप्त होत नाही. ते सांगितले की उत्तर एकच येते आणि ते सर्वांस मान्य होते. म्हणून गतिमान निरीक्षकांच्या मापनांची तुलना करताना प्रथम घटना निश्चित कराव्यात, नंतर प्रत्येक घटनेपाशी असलेल्या घड्याळांची नोंद घ्यावी, दूरच्या घड्याळांची जुळणी कोणाच्या चौकटीतील आहे हे ध्यानात ठेवावे, आणि अखेरीस मिन्कोव्स्कीच्या राशीने हिशेब ताडून पाहावा. एवढी शिस्त पाळल्यास विरोधाभासास जागा राहत नाही.

निरीक्षकांत मतभेद आहेत म्हणून सत्य अनिश्चित आहे, असा अर्थ सापेक्षतेतून काढणे चुकीचे ठरेल. मतभेद किती व कोणत्या नियमाने असावेत हे सिद्धांत दशांशापर्यंत सांगतो. डोंगरकड्याच्या शेतात उतरलेला म्यूऑन फुग्यावरील घड्याळाने शून्य वाजता निघाला आणि जमिनीवरील घड्याळाने ५०.०७५ वाजता पोचला, हे दोघांनाही मान्य आहे. वाटेत तो स्वतः २.००३ मायक्रोसेकंदांनीच वयाने वाढला, हेही दोघांना मान्य आहे.